अकरा नंबरचा चाकू कुठं गेला?

परवा संध्याकाळी आमच्या उद्यमनगरातल्या कट्ट्यावर दीड तास वाद झाला, तो एका चाकूवरून. भाच्यानं जपानहून आणलेला हिगोनोकामी मी खिशातून काढला आणि चहाच्या गाड्यावरच्या दिव्याखाली धरला. पितळी पत्रा दुमडून केलेली मूठ, आत एक पातं, एक रिव्हेट. स्प्रिंग नाही, खटका नाही. पात्याच्या मुळाशी शेपटीसारखी छोटी पट्टी असते. पातं उघडलं की तिच्यावर अंगठा दाबून धरायचा, म्हणजे ते मिटत नाही.

बापूंनी तो हातात घेऊन चारदा उघडला-मिटला. चाळीस वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस. म्हणाले, "झ्याक हाय. मूठ प्रेसवर निघती, बाकी काम धारंचं. पर मग ह्याची चलती का गेली? वस्तू चांगली असली की खपतीच. बंद पडली म्हणजे कुठंतरी खोट असणार."

मला हे पटत नाही, आणि मी ते तिथंच सांगितलं. ह्योगो प्रांतातल्या मिकी गावात 1890 च्या दशकापासून हे चाकू बनतात. जपानी शाळकरी पोरं यानंच पेन्सिलीला टोक काढायची, बांबूची खेळणी करायची. 12 ऑक्टोबर 1960 रोजी टोकियोत समाजवादी पक्षाचे अध्यक्ष इनेजिरो असानुमा भाषण करत असताना एका 17 वर्षांच्या मुलानं त्यांना भोसकून मारलं. हत्यार होतं आखूड तलवार. पण त्यानंतर "मुलांच्या हातात पातं देऊ नका" अशी मोहीम देशभर चालली आणि दप्तरातला चाकू गेला. टोक काढायची यंत्रं आली तीही त्याच सुमाराला. एकेकाळी गावात कितीतरी कारागीर हे करायचे. आज हिगोनोकामी हे नाव लावायचा हक्क असलेला कारखाना एकच उरलाय, नागाओ कानेकोमा. आता यात चाकूची खोट कुठली?

"आपल्या रामपुरीचंही तेच झालं," मास्तर म्हणाले.

वकिलांनी लगेच अडवलं. "तेच कसं? रामपुरीचं पातं नऊ-दहा इंचांचं. ते काय पेन्सिलीसाठी होतं?" मायावतींच्या सरकारनं साडेचार इंचांहून लांब पात्यावर बंदी आणली ती 1990 च्या दशकात, आणि वकिलांच्या मते ती आणायलाच हवी होती. "हिंदी सिनेमातल्या प्रत्येक गुंडाच्या हातात तो दिसायचा. लोकांना आवाजानंच धडकी भरायची."

मास्तर ऐकेनात. आवाज हीच तर त्याची कारागिरी, असं त्यांचं म्हणणं. पातं उघडताना खाचेखाचेवर अडत कटकट करत जातं, स्पेनमधल्या आल्बासेतेच्या जुन्या नवाहा चाकूसारखं. त्या खाचा हातानं कानशीनं घासून काढायच्या आणि आवाज सारखा यायला हवा. असा हात एक पिढी थांबला की परत येत नाही. रामपूरमध्ये 2023 साली चौकात वीस फुटी चाकू उभा केला, चौकाचं नावच चाकू चौक ठेवलं. मास्तरांना त्याचा आनंद नाही, आणि मलाही नाही. त्या पैशांत किती पोरं हे काम शिकली असती!

वकील मात्र प्रामाणिक माणूस. आपल्या बाजूचं कच्चं उदाहरण त्यांनी स्वतःच काढलं. न्यूयॉर्कमध्ये 'ग्रॅव्हिटी नाइफ'वर बंदी होती. मूळ कल्पना जर्मन छत्रीधारी सैनिकांच्या चाकूची, ज्याचं पातं वजनानं खाली घसरून बाहेर येतं. पण पोलीस साधा घडीचा चाकू घेऊन मनगटाला झटका देऊन बघायचे. उघडला की गुन्हा. सुतार, वायरमन, गोदामातले हमाल असे हजारो लोक त्यात अडकले. शेवटी 2019 मध्ये तो कायदा रद्द झाला. "कायद्यानं पातं कसं उघडतं तेवढंच बघितलं," वकील म्हणाले, "कशाला उघडलं ते नाही. हे चुकलंच."

बापू इतका वेळ गप्प होते. मी त्यांना पॉल चाकूचं चित्र वर्तमानपत्राच्या कडेला काढून दाखवलं. पॉल पोलमन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची ही रचना, 1970 च्या दशकाच्या शेवटी गर्बर कंपनीनं बाजारात आणली आणि 80 च्या दशकात थांबवली. त्याचं कुलूप पातं फिरतं त्या आसातच बसवलंय. आसावरचं बटण चिमटीत दाबायचं की पातं मोकळं. सोडलं की उघडं किंवा मिटलेलं, घट्ट. बाहेरून काहीच दिसत नाही.

बापूंनी चष्मा वर सरकवला. बराच वेळ कागद सोडला नाही. "हे आसाच्या पोटात बसवायचं? मग भोक, पिन, स्प्रिंग सगळं नेमकं पायजे. जरा ढिलं झालं की पातं डुलणार, जरा आवळ झालं की बटण अडकणार. हजारांत करायचं म्हटलं तर किती माल रिजेक्ट जाईल? करणाऱ्याला सलाम, पर बंद का झालं ते कळलं मला." पुढं लोन वुल्फ नावाच्या कंपनीनं तो पुन्हा काढला होता हे सांगितल्यावर तर ते खुर्चीच्या कडेवर आले. "बघा! म्हणजे कुणाला तरी झोप लागत नव्हती."

मग ओपिनेल निघाला. फ्रान्सच्या साव्वा भागातला, लाकडी मुठीचा. 1897 पासून एक ते बारा अशा बारा मापांत मिळायचा. 1935 मध्ये दोन मापं कमी केली. एक नंबर फारच चिमुकला, आणि अकरा नंबर दहा आणि बाराच्या मधला, वेगळा ठेवावा असा नव्हता. आजही नंबर दहावरून थेट बारावर जातात.

"बघ, हितं तरी मान्य कर," बापू म्हणाले. "ह्याला ना कुणी बंदी घातली, ना कुणी घाबरलं. जागाच नव्हती त्याला."

हे मात्र मी मान्य केलं. पण ज्याच्या पंजाला दहा लहान आणि बारा मोठा पडत असेल, त्या माणसाचं काय, हा माझा प्रश्न राहिलाच. मास्तर माझ्या बाजूनं, वकील बापूंच्या.

गाडा आवरायची वेळ झाली. बापूंनी कानावरची सुतारी पेन्सिल काढली, हिगोनोकामीच्या शेपटीवर अंगठा ठेवला आणि पेन्सिल हळूहळू फिरवत तासायला लागले. ढलप्या एकसारख्या पातळ पडत होत्या. टोक झाल्यावर त्याच कागदावर, पॉल चाकूशेजारी, त्यांनी पितळी मुठीचं माप घेतलं आणि पत्र्याची जाडी विचारली.

"उद्या मायक्रोमीटर आणतो," मी म्हणालो.

"मीच आणतो. तू चाकू आण."