नऊवारी जुनी, नथ जुनी, मग चेहरा का आजचा?

नऊवारी अचूक नेसलेली, खोपा सुरेख, नथ आणि पाटल्या थेट आजीच्या पेटीतल्या. आणि चेहऱ्यावर? गालांना कंटूर, खोट्या पापण्या, कोरून काढलेल्या भुवया, वर अंगच्या रंगापेक्षा दोन शेड उजळ फाउंडेशन. हौशी नाटकांची रंगभूषा करते, त्यामुळे हे सतत दिसतं आणि दरवेळी वाईट वाटतं. एवढे कष्ट घेऊन उभा केलेला काळ मानेपाशी येऊन संपतो.

परवा एका मुलीने १९३५ सालच्या वाड्यातल्या सुनेच्या भूमिकेसाठी मला एका नटीचा फोटो दाखवला. "ताई, अगदी अस्साच मेकअप हवा." फोटो त्याच काळातला होता, चूक काहीच नव्हती. पण तो चेहरा कॅमेऱ्यासाठी रंगवलेला. घरातली सून, रंगमंचावरची नायिका आणि पडद्यावरची नटी, साल एकच असलं तरी हे तीन निराळे चेहरे आहेत. त्यातला आपल्याला कोणता हवा, हे ठरवल्याशिवाय ब्रश हातात घेऊच नये असं माझं ठाम मत आहे.

आधी कॅमेऱ्याचं बघा. मूकपटांच्या काळात बहुतेक ठिकाणी जी फिल्म वापरात होती, तिला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. निळं उजळ यायचं, लाल थेट काळं. ओठांना लाल रंग लावला तर पडद्यावर तोंडाच्या जागी काळा डाग. सावळ्या, तांबूस त्वचेत लालसर छटा असते, म्हणून तीही प्रत्यक्षापेक्षा गडद आणि डागाळलेली दिसायची. यावर उपाय म्हणून फिकट रंगाचा जाड थर चढवत. पुढे सगळे रंग टिपणारी पँक्रोमॅटिक फिल्म रुळली आणि १९२८मध्ये हॉलिवूडचा रंगभूषाकार मॅक्स फॅक्टर याने तिच्यासाठी वेगळी रंगभूषा तयार केली. १९३०च्या दशकातल्या आपल्या बोलपटांमधला चेहरा या बदलानंतरचा. देविका राणींच्या बारीक, कमानदार भुवया आठवा. ती त्या दशकातली जगभरच्या पडद्यावरची फॅशन होती.

फोटो स्टुडिओची करामत आणखी वेगळी. तिथे निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या आणि डाग घालवत. मग छापलेल्या फोटोवर हाताने रंग भरत, गाल गुलाबी, ओठ लाल. तो गुलाबी रंग त्या बाईच्या गालावर कधी लागलाही नसेल.

म्हणूनच "जुन्या काळच्या बायका कशा गोऱ्यापान असायच्या" हे वाक्य मला सहन होत नाही. आपण फिल्मचा, दिव्यांचा आणि रिटचिंगचा गोरेपणा बघतो आणि तो आपल्या पणज्यांच्या अंगाला चिकटवतो. मग शाळेच्या गॅदरिंगमध्ये सावळ्या पोरींना पांढरं फासून उभं करतो. त्या मुलीच्या पणजीचा रंग बहुधा तिच्यासारखाच होता. काळ दाखवायला तिला उजळ करण्याची काहीएक गरज नाही. अंगच्या रंगाशी जुळणारा पातळ बेस द्या, तोही प्रखर दिव्यांखाली चेहरा तेलकट दिसू नये एवढ्यापुरता.

घरातल्या चेहऱ्याची खरी श्रीमंती कपाळावर असे. फणेरपेटी, म्हणजे आरसा-फणी-कुंकवाची लाकडी पेटी, उघडायची, बोटाने मेण लावायचं आणि त्यावर पिंजर किंवा कुंकू बसवायचं. मेणामुळे त्याला किंचित उंची आणि जाडी येते. आजची चिकटवायची टिकली तशी दिसूच शकत नाही, आणि हा फरक चौथ्या रांगेतूनही कळतो. आडवी चिरी की गोल, कुंकू केवढं, यातून बाईचं घर आणि वय समजतं. विधवेची भूमिका असेल तर रिकामं कपाळ हीच रंगभूषा. डोळ्यांत घरी धरलेलं काजळ, तेही पापणीच्या आत. बाहेर ओढलेली शेपटी नको. ओठ लाल हवेत तर विड्याने रंगल्यासारखे, आतून गडद आणि कडेला पुसट. आणि गोंदण! कित्येक घरांत ते कपाळावर, हनुवटीवर, हातांवर असायचं, पण आपल्या नाटकांतून ते पार गायब झालंय. काळ्या पेन्सिलीने ठिपके देऊ नका. मुरलेलं गोंदण हिरवट-निळं आणि कडांना पसरलेलं दिसतं. तसा रंग मिसळा, बोटाने दाबा, वर पावडर द्या.

रंगमंचाचा चेहरा करायचा असेल तर थर हवाच, कारण तो शेवटच्या रांगेसाठी असतो. बालगंधर्वांचं नेसणं आणि केशरचना बायकांनी घरी उचलली, पण रंगपटातला चेहरा मुळात प्रेक्षागृहाच्या अंतरासाठी होता. शिवाय फूटलाइटचा उजेड खालून येतो, त्याने नेहमीच्या सावल्या उलट्या पडतात. जुनी छायाचित्रं बघताना हे ध्यानात ठेवा. हौसेपायी जुने रंग मात्र शोधू नका. हिंगुळात पारा आहे, मुरदाडसिंगात शिसं, सफेद्यातही शिसं असू शकतं. आजच्या सुरक्षित रंगांतून तीच छटा साधते.

आणि खरंच पडद्यावरची नटी साकारायची असेल तर तीही मन लावून करा. भुवया उपटू नका. ओलसर साबण घासून त्या सपाट बसवा, पावडर, वर त्वचेच्या रंगाचा कन्सीलर, मग थोडी उंच बारीक रेघ. मस्कारा नळीतला नको. तेव्हा वडीवर ओला ब्रश घासून लावत, त्यामुळे पापण्या जरा गुठळलेल्या दिसत. मूकपटाची नटी असेल तर मोबाइलवर फोटो काढा, ब्लॅक अँड व्हाइट करताना लाल रंगाचा स्लायडर पूर्ण खाली ओढा आणि मग ओठ तपासा. नेहमीची लाल लिपस्टिक किती काळी पडते ते लगेच दिसेल.

त्या वाड्यातल्या सुनेला आम्ही शेवटी बेस जवळजवळ दिलाच नाही. तिच्या कोरलेल्या भुवयांत पेन्सिलीने एकेक केस रेखून त्या भरल्या, कपाळावर मेण आणि कुंकू, हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण. तालमीला आलेल्या तिच्या आजीने आधी गोंदणाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "माझ्या सासूला अगदी इथंच होतं." प्रयोगालाही आम्ही हाच चेहरा ठेवणार आहोत.