जुना कॉम्प्युटर आधी फॉरमॅट मारा

नवा कॉम्प्युटर आला ना? मग जुना आजच्या आज फॉरमॅट मारून भाच्याला देऊन टाका. आत एसएसडी (चिपवाली वेगवान डिस्क) असेल तर सोन्याहून पिवळं. पुसलेल्या फाइलींचा ट्रिम ही तिची सफाईची सोय असा निकाल लावते, की रिकव्हरीवाल्याचे पैसेही वाचतात.

अगदीच जीव अडकला असेल तर डेस्कटॉप तेवढा पेनड्राइव्हवर घ्या. आउटलुकची पीएसटी, म्हणजे सगळे ईमेल साठवलेली भलीमोठी फाइल, राहू द्या. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल तो घेतच नाही, मग जागा कितीही मोकळी असो. एक्सएफॅट करून घेतला की जाते, पण एवढा खटाटोप सांगितलाय कुणी?

हौशी मंडळींनी विंडोजमधलं फाइली कॉपी करायचं रोबोकॉपी वापरावं, मात्र स्विच (कमांडीपुढे लिहायच्या सूचना) न लावता. एखादी फाइल अडली की ते ३० सेकंद थांबतं आणि पुन्हा प्रयत्न करतं, असं १० लाख वेळा. म्हणजे साडेअकरा महिने. आर आणि डब्ल्यू हे दोन स्विच १ वर आणले तर ते लगेच पुढे सरकतं. मग त्यात गंमत ती काय राहिली?

क्रोमचं फोल्डर ॲपडेटा या लपलेल्या फोल्डरातून उचला आणि नव्यावर चिकटवा. बुकमार्क येतील, पासवर्ड उघडणार नाहीत. त्यांची किल्ली जुन्या विंडोज खात्याला बांधलेली असते. नव्यावर त्याच नावाचं खातं काढून बघा हवं तर. विंडोज नाव बघत नाही, एसआयडी (खात्याचा अंतर्गत ओळख क्रमांक) बघतं, आणि तो प्रत्येक खात्याचा वेगळा. जुन्यावर आधीच क्रोमचं सिंक (पासवर्ड गूगल खात्यात जपणं) चालू करणं हे दोन मिनिटांचं काम, म्हणूनच ते उद्यावर टाकायचं.

टॅलीचा डेटा घ्या, लायसन्स मात्र सरेंडर करू नका. ते जुन्याच मशीनच्या नावावर राहू द्या आणि जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरायच्या २० तारखेला संध्याकाळी नव्यावर ॲक्टिव्हेट करायला बसा.

फॉन्ट तर मुळीच नेऊ नका. श्रीलिपीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली सोसायटीची इतिवृत्तं नव्यावर उघडली, की पानभर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. सचिवांना पाठवून द्या, वार्षिक सभेत वाचतील.

आणि फॉरमॅट मारायच्या आधीच जुना लॅपटॉप बंद पडला, तर डिस्क काढून नव्याला जोडा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप, ४८ आकडी रिकव्हरी की मागेल. घाबरू नका, ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. त्या खात्याचा पासवर्ड त्याच डिस्कवरच्या क्रोममध्ये सेव्ह आहे.