सी प्लस प्लसकडे पळण्याआधी

"पायथॉन मंदच, सिम्युलेशन सी प्लस प्लसमध्ये लिहा" हा, दोन्ही भाषांच्या वेगाची तुलना करून लेखात दिलेला सल्ला घाईचा वाटला. इथं कोल्हापुरात आमची एमएस्सीची पोरं पंचगंगेच्या पुराचं मॉडेल चालवतात. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीला कधी टेकेल, एवढाच प्रश्न.

कोड नेमका कुठं अडतो हे आधी सीप्रोफाइल (कुठल्या फंक्शनला किती वेळ लागतो ते दाखवणारं पायथॉनचं साधन) लावून बघा. पुष्कळदा लूपच्या आत बसलेला, नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचा अपेंड (अ‍ॅरेच्या, म्हणजे आकड्यांच्या रांगेच्या, शेवटी आकडा जोडणारं फंक्शन) सापडतो. तो दर फेरीला अख्खा अ‍ॅरे नव्यानं कॉपी करतो! त्यापेक्षा झीरोजनं (शून्यांनी भरलेला अ‍ॅरे बनवणारं फंक्शन) आधीच जागा करून ठेवावी. ग्रिडवरचे (मॉडेलमधल्या चौकटींवरचे) आतले लूप स्लाइसिंगनं, म्हणजे अ‍ॅरेचे तुकडे एकदम हिशोबात घेऊन, बरेचसे जातात. काळाचा लूप मात्र जात नाही, कारण पुढची पायरी मागचीवर अवलंबून. तिथं फंक्शनवर नंबा या लायब्ररीचं एनजिट लावा, ते फंक्शन मशीन कोडमध्ये बदलतं. पहिल्या कॉलला ते कंपाइल करत बसतं, म्हणून वेळ दुसऱ्या कॉलपासून मोजायचा. पांडाज लायब्ररीचा डेटाफ्रेम (तक्ता) त्याला चालत नाही, साधे अ‍ॅरे द्या.

एवढं करूनही अडलं तर तेवढंच फंक्शन सी प्लस प्लसमध्ये न्या की, सगळा कोड कशाला? आणि लेखातल्या तुलनेत नमपाय वापरलं होतं का, तेही सांगा राव.