सीपीयू ६० टक्क्यांवर ठेवला की झालं का?

ऑटो स्केलिंगवरच्या (लोड बघून सर्व्हर आपोआप वाढवणं-कमी करणं) माझ्या लेखात मी म्हटलं होतं, की नुसता सीपीयू न बघता स्वतःचं मेट्रिक, म्हणजे मोजमाप, वापरा. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की ऑटो स्केलिंगला सीपीयूचं टार्गेट ६० टक्के दिलं की भागतं, स्वतःचं मेट्रिक बनवायचा उपद्व्याप कशाला, त्याने सर्व्हर सारखे वरखाली होतात आणि ते मेट्रिक पाठवणारी स्क्रिप्टच मेली तर सगळंच बोंबलतं. शेवटचा मुद्दा एकदम बरोबर आहे, लेखात यायला हवा होता, राहिला. बाकीचं मात्र पटत नाही.

महापेला एका क्लायंटकडे बिलांचे एसएमएस जायचे. १ तारखेची संध्याकाळ, लोकांचे फोनवर फोन की मेसेज आला नाही, आणि आम्ही ग्राफ बघतोय तर सीपीयू १८ टक्के! वर्कर, म्हणजे रांगेतला एकेक मेसेज उचलून पाठवणारा प्रोग्राम, तो मेसेज बाहेरच्या एसएमएस सर्व्हिसला द्यायचा आणि उत्तर येईपर्यंत दोन सेकंद नुसता उभा, आणि उभं राहायला सीपीयू लागत नाही हो. स्केलिंगला वाटलं मशीन रिकाम्या आहेत, त्याने उलट दोन कमी केल्या. त्या दिवसापासून मी या विषयावर एवढा हट्टाने बोलतो. ठाणे स्टेशनबाहेर शेअर रिक्षाला किती वेळ लागेल हे आपण रांग आणि रिक्षा बघूनच ठरवतो ना, इंजिन किती तापलंय ते नाही बघत.

पण नुसती रांगेची लांबीही घेऊ नका, तिथेच खूप जण फसतात. ६०० मेसेज ४ वर्करना डोंगर, २० वर्करना किरकोळ. म्हणून एका वर्करमागे किती, ते मोजायचं. एका मेसेजला २ सेकंद लागतात आणि गिऱ्हाईक ६० सेकंद थांबू शकतं, तर वर्करमागे ३० चालतील. वरच्या ४ वर्करमागे ६०० म्हणजे प्रत्येकी १५० आहेत, म्हणजे पाचपट, म्हणून वर्करही पाचपट, २०. कुबरनेटिस (अनेक सर्व्हरवर प्रोग्राम चालवणारी सिस्टीम) मधला एचपीए, म्हणजे त्याचा ऑटो स्केलर, हाच हिशोब करतो. आणि वरखाली होण्याचं म्हणाल तर १० टक्क्यांच्या आतला फरक तो मुळात सोडूनच देतो, कमी करतानाही गेल्या ५ मिनिटांत काढलेला वर्करचा सगळ्यात मोठा आकडा धरतो, ही त्याची डिफॉल्ट सेटिंगच आहे.

आता स्क्रिप्ट मेली तर? सीपीयूची पॉलिसी, म्हणजे स्केलिंगचा नियम, काढायची नाही, दोन्ही ठेवायच्या. एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनची क्लाउड सेवा) टार्गेट ट्रॅकिंगमध्ये, म्हणजे ठरवलेला आकडा राखणाऱ्या स्केलिंगमध्ये, वाढवायला एकीने सांगितलं तरी पुरतं, कमी करायला दोघींचं एकमत लागतं. मेट्रिक आलंच नाही तर ती पॉलिसी गप्प बसते, आणि तेव्हाच रांग वाढली तर वाढवणार कोण, म्हणून डेटा न येणं हाच बिघाड धरणारा वेगळा अलार्म लावा. तो न लावता माझ्या लेखातलं काहीही प्रॉडक्शनवर टाकू नका, मी लेखात आजच ही ओळ टाकतोय.

वर्करचा मॅक्सिमम आकडा पण ठरवा, बाहेरच्या सर्व्हिसची लिमिट भरली की ४० वर्कर केले तरी तेवढेच मेसेज जाणार. आणि तुमचं काम फोटो छोटे करण्यासारखं खरंच सीपीयू खाणारं असेल, तर तुमचे ६० टक्केच योग्य आहेत, तिथे मीही तेच लावतो.