डॉक्सिसायक्लिनने मूत्राशयाचा कर्करोग ‘बंद’ होत नाही

एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: शास्त्रज्ञांना मूत्राशयाच्या कर्करोगाचं जनुक बंद करणारं बटण सापडलंय, डॉक्सिसायक्लिन ही साधी अँटिबायोटिक घेतली की ते दाबलं जातं, तेही फक्त रोगट पेशींमध्ये, शस्त्रक्रिया नको, बीसीजी (क्षयाची लस, जी या कर्करोगावर उपचार म्हणून मूत्राशयात सोडतात) नको. यामागचं संशोधन खरं आहे, मला तर ते फार आवडतं. मेसेजने त्याचा पार विचका केलाय.

आधी गोळी, कारण घातक भाग तोच. प्रयोगशाळेत वाढवलेल्या टी-२४ सारख्या कर्करोगी पेशींमध्ये बाहेरून एक जोडणी घालतात: ठरावीक जनुकाचा आरएनए (जनुकाचा निरोप पेशीत पोचवणारा रेणू) नष्ट करायला लावणारा छोटा आरएनए, आणि डॉक्सिसायक्लिन असेल तरच तो बनू देणारा नियंत्रक. औषध घातलं की जनुक गप्प होतं, काढून घेतलं की पुन्हा बोलू लागतं. रुग्णाच्या गाठीत ही जोडणी असतेच कुठे? वायरिंगच नसलेल्या घरात बटण दाबत बसायचं, त्यातली गत. आणि प्रयोगातसुद्धा बटण पक्कं नसतं. औषध नसतानाही थोडी गळती होतेच, म्हणजे तो छोटा आरएनए थोडाफार बनतोच.

‘कर्करोगाचं जनुक’ असं एकच नसतं. टी-२४ पेशींत एचआरएएस हे जनुक बिघडलेलं आहे, हे १९८२ मध्येच कळलं. पण कित्येक गाठींमध्ये बिघाड एफजीएफआर३ मध्ये असतो, कित्येकींत पी५३ मध्ये.

फक्त रोगट पेशी? इथे मेसेज निदान सत्याच्या जवळून जातो. २०१४ मध्ये चिनी संशोधकांनी दोन अटींचं जनुकीय सर्किट रचलं: पेशी कर्करोगाची हवी आणि मूत्राशयाचीही हवी, तरच ते चालू होणार. कल्पना झकास, पण ती तपासली डिशमधल्या पेशींवर.

राहिलं ‘बीसीजी नको’. कॅथेटरने मूत्राशयात थेट औषध सोडता येतं, म्हणून काम सोपं वाटतं. पण तिथलं अस्तर काही आत शिरू न देण्यासाठीच बनलेलं असतं, आणि वर लघवी सगळं धुऊन नेते. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या नाडोफॅराजीन या जनुक-उपचारामध्ये जनुक वाहून नेणारा विषाणू अस्तरापार जावा म्हणून वेगळं रसायन घालावं लागलं. ते दर तीन महिन्यांनी द्यावं लागतं, जनुक बंद न करता इंटरफेरॉनचं (प्रतिकारशक्तीला चेतवणाऱ्या प्रथिनाचं) जनुक आत पोचवतं, आणि त्याला मंजुरी आहे ती बीसीजीला दाद न देणाऱ्या, स्नायूपर्यंत न पोचलेल्या कर्करोगासाठी.