‘एमआरआयचा प्रोटोकॉल कंपनी भरून देते, तुम्ही फक्त बटण दाबा’: हे खरं नाही

पहिल्या वर्षातल्या एका मुलीने परवा मला एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, “ताई, हे खरं असेल तर आपण टीआर, टीई कशाला घोकतोय?” (टीआर म्हणजे दोन पल्समधलं अंतर, टीई म्हणजे पल्सपासून सिग्नल घेईपर्यंतचा वेळ.) रेडिओग्राफीच्या विद्यार्थ्यांत तो संदेश बरेच दिवस फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. प्रोटोकॉल, म्हणजे कोणती चित्रं कोणत्या सेटिंगवर घ्यायची याची यादी, कंपनीचा माणूस मशीन बसवतानाच भरून देतो, टेक्निशियनने बटण दाबायचं. स्कॅन जितका लांब तितका चांगला. ३ टेस्लाचं मशीन (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) मिळत असेल तर १.५ टेस्लावर स्कॅन करूच नये. आणि शिकाऊ मुलांनी सेटिंगला हात लावणं म्हणजे रुग्णावर प्रयोग. मी मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात एमआरआय शिकते आहे. यातल्या शेवटच्या वाक्यात थोडं तथ्य आहे. बाकीची तिन्ही चूक आहेत, आणि सगळ्यात जास्त नुकसान पहिलं करतं.

कंपनी प्रोटोकॉल भरून देते, एवढा भाग खरा आहे. पण तो मशीन चालू व्हावं म्हणून दिलेला असतो. आपल्या दारात कोण रुग्ण येतात हे त्या यादीला माहीत नसतं. ‘एलएस स्पाइन’ हा कंबरेच्या मणक्याचा तयार प्रोटोकॉल निवडला की कंबरेचे सॅजिटल (बाजूने पाहिलेले उभे) टी१, टी२ (ऊतींचा फरक वेगवेगळ्या तऱ्हेने दाखवणारी चित्रं), फार तर एक स्टिर (चरबीचा सिग्नल पुसणारं चित्र) आणि चकत्यांवरून आडवे छेद मिळतात. सरकलेल्या चकतीसाठी ते पुरेसं आहे. मुंबईत मात्र कंबरदुखीच्या रांगेत मणक्याचा टीबी झालेला माणूसही बसलेला असतो. टीबी सलग मणक्यांतच राहील असं नाही. मधले मणके धड सोडून वर पाठीत किंवा मानेत त्याची दुसरी जागा असू शकते. तिथे मज्जारज्जूवर दाब येत असेल आणि आपण फक्त कंबर पाहून त्याला घरी पाठवलं, तर चित्र कितीही सुबक असलं तरी तो स्कॅन चुकलेला आहे.

म्हणून केसपेपरवर ताप, वजन घटणं, पूर्वीचा टीबी असं काही दिसलं, की संपूर्ण मणक्याचं सॅजिटल स्क्रीनिंग जोडायचं. शिवाय एक कोरोनल (समोरून पाहिलेला) स्टिर घ्यायचा, कारण पू मणक्यालगतच्या सोआस स्नायूत उतरला असेल तर त्याची लांबी त्या दिशेने नीट कळते. डॉक्टरांनी फॉर्मवर ‘बॅकेक’ एवढाच शब्द लिहिला असेल तर रुग्णाशी दोन मिनिटं बोलायचं. अर्धा प्रोटोकॉल तिथेच ठरतो.

मेंदूचंही असंच. फिट येऊन गेलेला तरुण आणि सीटीवर एक छोटी गाठ, हे चित्र आपल्याकडे नेहमीचं आहे. ट्यूबरक्युलोमा (टीबीची गाठ) की सिस्टिसर्कोसिस (फीतकृमीच्या अळीची गाठ), या प्रश्नावर पुढचे कित्येक महिने त्याला कोणती औषधं मिळणार हे अवलंबून असतं. मॅग्नेटायझेशन ट्रान्सफर नावाचा जादा पल्स लावलेल्या टी१मध्ये ट्यूबरक्युलोमाची कड उजळ दिसते. स्पेक्ट्रोस्कोपीत, म्हणजे गाठीतली रसायनं दाखवणाऱ्या आलेखात, १.३ पीपीएमच्या (आलेखावरचं माप) आसपास लिपिडचं म्हणजे चरबीचं शिखर मिळालं तर टीबीच्या बाजूचा पुरावा वाढतो. सिस्टिसर्कसच्या पिशवीतलं स्कोलेक्स, म्हणजे अळीचं डोकं, पातळ छेदांच्या थ्रीडी सिसमध्ये (द्रव उजळ दाखवणारं चित्र) सापडतं, जाड छेदात हरवू शकतं. तयार ‘ब्रेन रूटीन’मध्ये यातलं काही असेलच असं नाही. कुणीतरी विचार करून ते जोडावं लागतं. क्रमही ठरवावा लागतो. गॅडोलिनियम हे शिरेतलं कॉन्ट्रास्ट औषध दिल्यावर स्टिर लावू नये, कारण औषधामुळे ज्या भागाचा टी१ (पल्सनंतर ऊती सावरायला लागणारा वेळ) चरबीइतका आखूड झाला तो भागही चरबीबरोबर पुसला जाऊ शकतो. नेमकी गाठच.

आता ‘लांब स्कॅन चांगला’. वहीत एकदा हिशेब मांडला की हा समज टिकत नाही. टर्बो स्पिन एको या नेहमीच्या वेगवान पद्धतीचा वेळ साधारण असा निघतो: टीआर गुणिले फेज एन्कोडिंगच्या (चित्र बांधायला मोजायच्या) ओळी गुणिले नेक्स (तेच मोजमाप किती वेळा), भागिले टर्बो फॅक्टर (एका टीआरमध्ये किती ओळी). टीआर ३ सेकंद, ओळी ३२०, टर्बो फॅक्टर १६, नेक्स १ असेल तर ६० सेकंद. नेक्स ४ केला तर २४० सेकंद. वेळ चौपट झाला, पण सिग्नल आणि नॉइजचं (चित्रातल्या खरखरीचं) गुणोत्तर फक्त दुप्पट, कारण ते वेळेच्या वर्गमुळाने वाढतं. याच गणिताची दुसरी बाजू अशी की छेद ४ मिलिमीटरवरून २ केला तर सिग्नल निम्मा होतो, आणि तो भरून काढायला नेक्स चौपट करावा लागतो. ‘छेद पातळ करा, रिपोर्ट छान येईल’ असं कुणी सहज म्हटलं की मला हे आठवतं.

ही वाढलेली तीन मिनिटं कोण सोसतं? पाठीत पू असलेला, पहाटेच्या लोकलने डोंबिवलीहून आलेला, सपाट झोपताच कळ येणारा माणूस. तो तिसऱ्या मिनिटाला हलतो आणि चारही मिनिटं वाया जातात. त्याच्यासाठी आधी सगळ्यात महत्त्वाचा सिक्वेन्स (एका प्रकारच्या चित्रांचा संच), मग बाकीचे. टर्बो फॅक्टर वाढवून वेळ कापता येतो, पण कडा थोड्या विरघळतात. बँडविड्थ (सिग्नल किती वेगाने वाचायचा ते) दुप्पट केली तर गुणोत्तर साधारण तीस टक्क्यांनी उतरतं, पण धातूजवळची विकृती आणि चरबी-पाण्याची सरक कमी होते. काहीच फुकट मिळत नाही. काय सोडलं तर या रुग्णाच्या प्रश्नाचं उत्तर बिघडणार नाही, हे ओळखणं म्हणजेच प्रोटोकॉल बसवणं.

३ टेस्लाबद्दल थोडक्यात. लहान सांधे, प्रोस्टेट, फिटचा बारीक फोकस शोधणं, रक्तवाहिन्या यांत त्याचा फायदा आहे, तो मी नाकारत नाही. पण तोच रेडिओ पल्स दिला तर शरीरात शोषली जाणारी रेडिओ ऊर्जा १.५च्या साधारण चौपट होते, आणि नेहमीच्या मोडमध्ये पूर्ण शरीराची मर्यादा किलोला २ वॅट एवढीच आहे. मणक्यात स्क्रू असतील तर त्यांच्या भोवतीचा काळा डाग ३ टेस्लावर मोठा होतो. काही इम्प्लांटना परवानगीच १.५पर्यंत असते. पोटात जलोदर असेल तर ३ टेस्लावर मधोमध सावली पडू शकते, कारण पाण्यात त्या रेडिओ लहरीची लांबी २६ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे पोटाच्या मापाची होते. आणि प्रोटोकॉल एका मशीनवरून दुसऱ्यावर जसाच्या तसा उचलता येत नाही. चरबी आणि पाण्याच्या सिग्नलच्या वारंवारतेतला फरक १.५वर सुमारे २२० हर्ट्झ, ३वर ४४०. टी१ लांबतो, म्हणून स्टिरचा टीआयही (चरबी पुसायला पल्सनंतर थांबायचा वेळ) बदलावा लागतो.

राहिलं शिकाऊंचं. ‘रुग्णावर प्रयोग’ ही भीती मला रास्त वाटते. रुग्ण टेबलावर असताना कुणाला न सांगता आकडे फिरवणं चूकच आहे. शिकण्याची रीत मात्र तशी नसते. मूळ प्रोटोकॉलला हात लावायचा नाही. त्याची प्रत काढून तिला तारखेसह नाव द्यायचं. एका वेळी एकच आकडा बदलायचा. आधी फँटम (रुग्णाऐवजी ठेवायची चाचणीची वस्तू), मग परवानगी आणि लेखी संमती घेऊन स्वयंसेवक. त्यानंतर रेडिओलॉजिस्ट मॅडमच्या होकाराने जुन्या सिक्वेन्सच्या जोडीला नवा. निदान जुन्यावरच होतं. दोन्ही शेजारी ठेवून मॅडम पाहतात, आणि त्यांची सही झाली तरच बदल यादीत जातो.

ही रीत मला एका अपयशाने पटली. कंबरेच्या टी२चा वेळ कमी करायला मी पॅरलल इमेजिंगचा (कमी ओळी मोजून उरलेल्या कॉइलच्या, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या अँटेनांच्या, मदतीने भरून काढण्याचा) फॅक्टर २वरून ३ केला. फँटमवर चित्र स्वच्छ आलं, सडपातळ स्वयंसेवकावरही. मग एका जाड बांध्याच्या रुग्णात जुन्याच्या जोडीला तो घेतला आणि चित्राच्या मध्यभागी, नेमकी मणक्याच्या नळीच्या जागी, खरखर आली. कॉइलचे घटक जिथून लांब, तिथे नॉइज सगळ्यात जास्त वाढतो. पुस्तकात जी-फॅक्टर म्हणून वाचलेलं त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. निदान जुन्या सिक्वेन्सवर झालं, रुग्णाचं काही बिघडलं नाही. माझा बदल यादीत गेला नाही. फक्त बटण दाबणाऱ्याला ती खरखर मशीनचा दोष वाटली असती, आणि त्याने इंजिनिअरला फोन लावला असता.

त्या मुलीला मी उत्तर पाठवलं आहे: शनिवारी सकाळी पहिला नंबर लागायच्या आधी ये, पाण्याचा फँटम मी लावून ठेवते. नेक्स १, २ आणि ४ तूच टाक, तिन्ही चित्रांत गुणोत्तर तूच मोज. येताना वेळेचा हिशेब वहीत करून आण.