फ्यूज शाबूत, स्कॅनर गप्प, मग जळतंय काय? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार.

जुन्या बीएमडब्ल्यू-मर्सिडीजमधल्या जळक्या वासाबद्दलच्या लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वायर खरंच तापत असती तर फ्यूज उडाला असता, स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) एकही कोड नाही म्हणजे गाडीत खोट नाही, आणि मल्टीमीटर लावायला सांगून मी लोकांना नसत्या उद्योगाला लावतोय. वर "डॅशबोर्डवर परफ्यूम ठेवा, वास जाईल" हा टोला. शिवाय बॅटरी काढली की डिकी लॉक होते, ही तक्रार. टोला झकास आहे, डिकीचं बरोबर आहे, बाकीचं पटण्यासारखं नाही.

आधी फ्यूज. त्याला फक्त करंट कळतो, जोड कुठे तापतोय ते कळत नाही. ब्लोअर (एसीची हवा आत फेकणारा पंखा) पूर्ण वेगात साधारण २० ते २५ अँपिअर खेचतो, फ्यूज असतो बहुधा ४० चा. कनेक्टरची एक पिन सैल होऊन तिथे ०.०५ ओहमचा रोध आला असं धरा. २० अँपिअरला त्या पिनेवर १ व्होल्ट खर्ची पडतो आणि २० वॅट उष्णता निघते, म्हणजे छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी, तीही नखाएवढ्या प्लास्टिकच्या आत. रोध वाढल्यामुळे करंट उलट थोडा कमीच होतो. मग फ्यूज उडेल कशाला? शॉर्ट झालं तर उडेल, लूज काँटॅक्टशी त्याचं देणंघेणं नाही.

हे कागदी गणित नव्हे. २०१३ मध्ये बीएमडब्ल्यूने अमेरिका-कॅनडात मिळून साडेपाच लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या, त्या बॅटरीच्या पॉझिटिव्ह केबलचा जोड खराब होतो म्हणून. २०१७ मध्ये अमेरिकेत २००६ ते २०११ च्या ३ सिरीजची पाळी आली: ब्लोअर-एसीच्या वायरिंगचे कनेक्टर तापून वितळण्याचा धोका. आपल्याकडच्या गाडीला असलं काही लागू आहे का, ते चासी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारावं. त्याला पैसे पडत नाहीत.

स्कॅनरचं तर सोपं आहे. जिथे सेन्सर आहे तेवढंच तो सांगतो. ब्लोअरला १३.८ ऐवजी १२.८ व्होल्ट मिळाले तर हवा किंचित मंदावते, कोड बहुधा येत नाही.

मीटर उचलण्याआधी मात्र वास कधी येतो ते आठवडाभर लिहून ठेवा. निम्मा शोध तिथेच लागतो. पेट्रोल गाडीत सकाळच्या पहिल्या स्टार्टला मिनिटभर वास आणि मग गायब, तर सेकंडरी एअर पंप (एक्झॉस्टमध्ये हवा सोडणारा पंप) आणि त्याचा रिले (विजेवर चालणारा स्विच) बघा, कारण तो थंड इंजिनावर तेवढाच वेळ चालतो. ब्लोअर मोठा केला की वास, तर ब्लोअर मोटर, रेग्युलेटर आणि त्यांचे कनेक्टर. गाडी बंद केल्यावर बोनेटकडून येत असेल तर रेडिएटर फॅन, किंवा व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) ठिबकणारं ऑइल. सडक्या अंड्याचा वास आला तर बॅटरी ओव्हरचार्ज होत असू शकते. माशासारखा उग्र वास बहुतेक वेळा तापलेल्या सॉकेटचा किंवा सर्किट बोर्डचा. आणि बोनेटखाली उंदराच्या लेंड्या दिसल्या तर आधी वायरींची सालपटं शोधा.

मग व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेतल्या वायरीत आणि जोडांत किती व्होल्ट खर्ची पडतात ते. संशयित लोड (ब्लोअर, फॅन, जे तपासायचं ते) पूर्ण चालू, इंजिन चालू. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक फ्यूजच्या बाहेरच्या पायावर, दुसरं कनेक्टरच्या मागून बारीक पिन सरकवून त्याच वायरवर. पिन इन्सुलेशनमध्ये भोसकू नका, त्या भोकातून पुढे पाणी शिरतं. एका जोडावर ०.१ व्होल्टच्या वर गेलं की तो जोड उघडायचा. सगळ्या पॉझिटिव्ह बाजूचं मिळून ०.५ च्या आत हवं. अर्थिंगची (निगेटिव्ह) बाजूही अशीच मोजा, बरेच जण तिकडे फिरकतच नाहीत. लोड बंद ठेवून ओहम मोजणं इथे फुकट: साध्या मीटरला ०.०५ ओहम भरवशाने दिसत नाही, आणि थंड पिन वेगळी वागते.

दोष सापडल्यावर पॉलिश पेपरने पिन घासून परत बसवणं ही आपल्याकडची लाडकी युक्ती. ती फसते, कारण पिन एकदा तपकिरी-निळी पडली की तिचा ताण गेलेला असतो. ती पुन्हा घट्ट धरत नाही. तांबं चकचकीत लागेपर्यंत वायर मागे कापा, त्याच जाडीची वायर आणि त्याच मापाची पिन नीट क्रिंप करा (खास पक्कडीने दाबून बसवा), समोरचं सॉकेटही बदला. आणि ३० च्या जागी ४० चा फ्यूज घालायचा नाही, कुणीही सांगितलं तरी.

बडोद्यापुरतं वेगळं सांगायला हवं. ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्री नदीच्या पुरात पाणी शिरलेल्या कितीतरी गाड्या नंतर वरवर धुऊन-पुसून विकल्या गेल्या असणार. मर्सिडीजच्या ई-क्लासची (डब्ल्यू२११ मॉडेल) मुख्य बॅटरी डिकीत, एमएलची (डब्ल्यू१६४ मॉडेल) पुढच्या सीटखाली. म्हणजे जाड केबली आणि फ्यूज नेमके पाणी साचतं तिथेच. कार्पेटवरून हात फिरवून भागत नाही, खालचा फोम दाबून बघा. कनेक्टरमध्ये हिरवट पूड दिसली तर तो जोड आज ना उद्या तापणारच.

बॅटरी काढल्यावर डिकी लॉक होऊन बसते, हा तुमचा मुद्दा बरोबर आहे. डिकी उघडी ठेवा, किल्लीतलं लोखंडी पातं हाताशी असू द्या, आणि गाडी बंद करून अर्धा तास थांबून आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. बीएमडब्ल्यूच्या पॉझिटिव्ह टर्मिनलमध्ये (अपघातात केबल तोडणारी) स्फोटक कॅप असते, तिथे ठोकाठोक नको. चावी काढल्यावरही वास येत असेल तर मात्र अर्धा तास न थांबता आधी निगेटिव्ह काढा. मग तो मीटरमधून जोडून, दारं बंद करून आणि डिकी उघडीच ठेवून तिचं लॅच (कुलपाची पकड) स्क्रूड्रायव्हरने मिटवून, अर्ध्या तासाने करंट बघा: ५० मिलिअँपिअरच्या वर राहिला तर गाडी पार्किंगमध्ये निगेटिव्ह जोडलेली सोडू नका.